गांध उठली नाही, म्हणजे डास चावला नाही असे नव्हे

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात दोन वाक्ये मला हमखास ऐकू येतात. लहान मुलाच्या हातापायांवरील लाल गांधी दाखवून आई विचारते, "डॉक्टर, याचं रक्त बिघडलंय का हो?" आणि घरातले आजोबा सांगतात, "आम्हाला काही डास चावत नाहीत." दोघे झोपतात मात्र एकाच खोलीत! मग हा फरक का?

रक्त पिते ती डासाची मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातील प्रथिने लागतात. सोंड कातडीत खुपसल्यावर रक्त गोठू नये म्हणून ती आपली लाळ आत सोडते. ही लाळ आपल्या शरीराला परकी. तिची ओळख पटली की कातडीतील पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतील पाणी बाहेर झिरपते आणि गांध उठते. मज्जातंतू चाळवले गेल्याने खाज सुटते. म्हणजे गांध हे विष नव्हे आणि रक्त बिघडल्याचे लक्षणही नव्हे. ती आपल्याच शरीराची प्रतिक्रिया होय.

ही प्रतिक्रिया वयानुसार बदलते. केनेथ मेलनबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1946 मध्ये तिच्या पायऱ्या मांडल्या. अगदी पहिल्यांदा डास चावतो तेव्हा काहीच उठत नाही, कारण शरीराला लाळेची ओळख नसते. पुढे दुसऱ्या दिवशी टणक पुरळ येऊ लागते. त्यानंतर लगेच गांध आणि उद्या पुरळ, असे दोन्ही होते. कालांतराने फक्त गांध उठते आणि वर्षानुवर्षे डास चावत राहिल्यावर तीही उठेनाशी होते. म्हणून लहान मुलांना त्रास जास्त आणि आजोबांची कातडी शांत!

खरा धोका येथेच आहे. कातडी सरावली तरी रोगापासून संरक्षण मिळत नाही. हिवतापाचे जंतू आणि डेंग्यूचे विषाणू याच लाळेतून शरीरात शिरतात. डेंग्यूचा ताप साधारण 4 ते 10 दिवसांनी येतो. हिवतापाला बहुधा आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोवर चावल्याची खूणही उरत नाही. तेव्हा "डास चावलाच नाही" म्हणून ताप अंगावर काढू नये. या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. डेंग्यू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणे, फार ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास, ताप उतरलेला असला तरी, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

गांधींसाठी घरगुती उपाय सोपे आहेत. जागा साबणाने धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, कॅलामाइन लोशन लावावे. चुना लावू नये, कातडी भाजते. मुलांची नखे कापलेली असावीत. खाजवून जखम झाली की जंतू शिरतात आणि पू होतो. लाली पसरू लागली, जागा गरम लागली किंवा पू दिसला तर दाखवून घ्यावे. क्वचित कोणाचे ओठ सुजतात किंवा श्वास लागतो. अशा वेळी घरी थांबू नये.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो. म्हणून तान्ह्या बाळाइतकीच दुपारी पडणाऱ्या आजोबांनाही मच्छरदाणी हवी. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस रांजण, हौद, कूलरची टाकी रिकामी करून घासून कोरडी ठेवावी. घासायला विसरू नये. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी ओतून दिले तरी तशीच राहतात.