मर्यादेला किती अंतर उरलं?

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता हजारो मुलं एकदम बटण दाबतात, पान नुसतं फिरत राहतं आणि ‘सर्व्हरवर लोड आला’ म्हणून आपण मोकळे होतो. पण लोड येणं वेगळं आणि सर्व्हरने हात वर करणं वेगळं. डेटाबेस सर्व्हर अनेकदा चांगला चालता चालता एखाद्या ठरलेल्या मर्यादेशी येऊन अडतो. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा मोफत डेटाबेस मूळ सेटिंग न बदलता बसवला, तर एका वेळी 100 कनेक्शन घेतो. त्यातली 3 सुपरयूजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी राखीव, एसटीत वाहकाची जागा राखून ठेवतात तशी. अठ्ठ्याण्णवावा सामान्य वापरकर्ता आला की त्याला दारातूनच परत पाठवलं जातं; प्रोसेसर निवांत असो की अर्धी मेमरी रिकामी असो. त्यामुळे वापराचा आकडा एकटा पाहून काही कळत नाही, शेजारी मर्यादेचा आकडा हवा. ही जोडी नेमकी काढून द्यायला कमांड लाइनवरची दहा-वीस ओळींची स्क्रिप्ट पुरते.

आकडा एकटा कसा फसवतो ते ‘अपटाइम’ या साध्या कमांडमध्ये दिसतं. ती गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचा सरासरी लोड छापते. हा लोड 8 असेल तर चार कोअरच्या मशीनवर रांग लागलेली असू शकते, सोळा कोअरच्या मशीनवर काळजीचं कारण नाही. त्यातही लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट पाहत अडकलेली कामंही मोजतो, म्हणजे लोड चढलेला आणि प्रोसेसर रिकामा असंही घडतं. तेव्हा ‘व्हीएमस्टॅट’ चालवून अडकलेल्या कामांचा रकाना बघावा लागतो. मेमरीचंही तसंच. ‘फ्री’ कमांडच्या मोकळ्या मेमरीच्या रकान्यात छोटा आकडा दिसला की नवखे घाबरतात. पण उरलेली मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशेसाठी वापरतो आणि गरज पडली की सोडतो. बघायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. उघड्या फाइलींच्या मर्यादेत तर जाणतेही चुकतात. ‘यूलिमिट’ सांगते ती तुमच्या शेलची मर्यादा. सर्व्हिस म्हणून सुरू झालेल्या डेटाबेसची मर्यादा वेगळी असू शकते. ती ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या उपफोल्डरातल्या ‘लिमिट्स’ फाइलीत सापडते.

ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसने वापर आणि मर्यादेची ही जोडी आयतीच ठेवली आहे. ‘व्ही डॉलर रिसोर्स लिमिट’ या व्ह्यूमध्ये सध्याचा वापर, डेटाबेस सुरू झाल्यापासूनचा सर्वाधिक वापर आणि मर्यादा हे तिन्ही आकडे एकाच ओळीत मिळतात. समजा, आता 120 प्रोसेस आहेत, मर्यादा 300 आहे, पण मधला आकडा 290 आहे. म्हणजे संकट येऊन गेलं आणि कुणाला पत्ताही लागला नाही. मग मर्यादाच वाढवून टाकावी, असं कुणी म्हणेल. पण पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही स्वतंत्र प्रोसेस असते, तिला मेमरी लागते. 100 चे 1000 केले की अडचण कनेक्शनवरून मेमरीवर सरकते आणि मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रोसेस थेट मारून टाकतो. मर्यादा वाढवण्याआधी पोस्टग्रेसच्या ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ या व्ह्यूमध्ये कनेक्शनांची अवस्थेनुसार मोजणी करावी. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी कनेक्शन्स पुष्कळ दिसली, तर जागा अडवून, बऱ्याचदा लॉकही धरून, नुसतं बसणाऱ्यांची ती गर्दी असते. त्यावर उपाय अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये शोधायचा.

रंगीत डॅशबोर्डच्या काळात स्क्रिप्ट कशाला, हा आक्षेप रास्त आहे. आठवड्याचा कल पाहायला आलेखच हवा. पण नेटफ्लिक्ससारख्या कंपनीच्या अभियंत्यांनी 2015 मध्ये तपासाच्या पहिल्या मिनिटात चालवायच्या दहा कमांड प्रसिद्ध केल्या, त्यांची सुरुवात ‘अपटाइम’नेच होते, आणि त्यांच्याकडे देखरेखीची स्वतःची मोठी यंत्रणा होती. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: कनेक्शन संपली की स्क्रिप्टलाही आत जाता येणार नाही. यासाठीच राखीव जागा असतात, आणि पोस्टग्रेस 16 पासून सुपरयूजरचे सगळे अधिकार न देताही देखरेखीच्या खात्यासाठी वेगळ्या जागा राखता येतात. स्क्रिप्टचाच भार नको असेल तर क्रॉनमधून दर पाच मिनिटांनी चालवा, तिला टाइमआउट लावा आणि आधीची संपल्याशिवाय पुढची सुरू होणार नाही असं कुलूप घाला. मोठ्या टेबलातल्या ओळी मोजत बसू नका. आणि लॉगमध्ये वेळ, वापर व मर्यादा एकाच ओळीत लिहा, कारण मर्यादाही कुणीतरी मध्येच बदललेली असते.