क्लाऊडचे बिल आवाक्यात ठेवताना

कंपन्यांची माहितीची कोठारे, म्हणजेच ‘डेटा वेअरहाऊस’, क्लाऊडवर ठेवली की यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत. मात्र विजेच्या मीटरप्रमाणे वापरानुसार आकारणी होते आणि महिनाअखेरीस येणारा आकडा धक्का देऊ शकतो.

गुगलच्या ‘बिगक्वेरी’त, मागणीनुसार आकारणी स्वीकारल्यास, प्रत्येक प्रश्नासाठी (क्वेरी) किती डेटा वाचला गेला त्याचे पैसे पडतात. साध्या टेबलमधून दहाच ओळी मागितल्या, तरी निवडलेले रकाने पूर्ण वाचले जातात. म्हणून हवे तेवढेच रकाने मागावेत, टेबलांचे तारखेनुसार विभाग करावेत आणि वाचनाची कमाल मर्यादा घालावी. अंदाज मर्यादेबाहेर गेल्यास क्वेरी चालतच नाही व तिचे पैसेही लागत नाहीत.

‘स्नोफ्लेक’मध्ये हिशेब वेळेचा असतो. यंत्रणा सुरू होताच किमान 60 सेकंदांचे, नंतर दर सेकंदाचे पैसे लागतात. आकार एक पायरी वाढविल्यास दर दुप्पट होतो. त्यामुळे काम संपताच ती आपोआप बंद होण्याची व्यवस्था हवी. ‘रिसोर्स मॉनिटर’ लावल्यास ठरलेला कोटा संपताच यंत्रणा थांबविता येते.

केवळ इशारा देणारे बजेट खर्च रोखत नाही. मात्र सक्तीच्या मर्यादेने ऐन महिनाअखेरीस अहवालही अडू शकतात. म्हणून मर्यादा वाढविण्याचा अधिकार कोणाचा, हे चमूने आधीच ठरविलेले बरे.