टाचेची तपासणी आणि अम्मीची हाडे

सूरह मरियममध्ये हजरत जकरिया (अलै.) यांची दुआ आहे. आपल्या म्हातारपणाबद्दल बोलताना त्यांनी आधी हाडे कमजोर झाल्याचे अल्लाहसमोर मांडले. आपल्या घरातल्या अम्मी, दादी मात्र हे कुणाला सांगत नाहीत, कारण हाडांची झीज सहसा दुखत नाही. वजू करताना पाय घसरतो, मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हाच ती कळते. या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी शिबिरात आणता येईल अशी एक सोपी तपासणी आहे. टाच यंत्रात ठेवतात आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी हाडातून पाठवतात. भरीव हाडातून त्या वेगाने जातात, विरळ हाडातून सावकाश. काही मिनिटांत काम होते. यात क्ष-किरण नसतात.

पण हातात आलेल्या चिठ्ठीने फसू नका. ‘टी-स्कोर’ उणे २.५ किंवा त्याहून कमी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हे जागतिक आरोग्य संघटनेचे १९९४ चे माप आहे. ते खुबा व कमरेचे मणके मोजणाऱ्या डेक्सा तपासणीला लागू पडते, टाचेच्या यंत्राला जसेच्या तसे नाही. टाचेची तपासणी ही चाळणी आहे, निदान नव्हे. आकडा कमी आला म्हणून घाबरून औषधे सुरू करू नका. डॉक्टरांना विचारा आणि गरज असेल तर छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात जाऊन डेक्सा करून घ्या.

आकडा चांगला आला तरी काही भगिनींनी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे. पाळी लवकर बंद झालेली, ऑपरेशनमध्ये बीजकोश काढलेले, दमा वा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या, उंची घटलेल्या, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलेल्या अशा या भगिनी.

दूध, दही, तीळ, नाचणी आहारात ठेवा. पडदा पाळणाऱ्या भगिनींनी अंगणात वा गच्चीवर आडोसा करून हात-पायांवर ऊन घ्यावे. रोज चालावे. न्हाणीत खरखरीत फरशी आणि धरायला दांडी असावी. मणका दबलेला असेल तर रुकू-सजद्यात वाकण्याबाबत डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे.

अम्मीची खिदमत खुबा मोडल्यावरच सुरू व्हावी असे नाही. या जुम्याला तिच्याजवळ बसा आणि विचारा, “अम्मी, उंची कमी झाल्यासारखी वाटते का?”