पडद्यावरचा भूकंप आणि किल्लारीचा भूकंप

पूर, आग, वादळ किंवा भूकंप हेच ज्याचे मुख्य पात्र असते, तो आपत्तिपट. नायक-नायिका, प्रेमकथा, घरातले तंटे हे सारे त्यात असतेच, पण प्रेक्षक तिकीट काढतो ते कोसळणाऱ्या इमारती पाहण्यासाठी. म्हणून अशा चित्रपटाच्या खर्चाचा मोठा भाग उभे केलेले मोडण्यावर जातो.

महाराष्ट्रात या कलेची सुरुवात दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’पासून मानायला हरकत नाही. 1917 साली हा मूकपट मुंबईत गिरगावच्या वेस्ट एंड चित्रगृहात लागला आणि त्यासाठी लोकांची रीघ लागली. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पण गर्दी ओढली ती मारुतीच्या उड्डाणाने आणि पेटत्या लंकेने. कथा घराघरांत ठाऊक होती. डोळ्यांसमोर नगर जळताना मात्र कोणी पाहिले नव्हते. आपत्तिपटाचे आकर्षण आजही नेमके हेच आहे.

हिंदीत भूकंपाचा लक्षात राहिलेला प्रसंग यश चोप्रा यांच्या ‘वक्त’मध्ये आहे. 1965 च्या या चित्रपटात समारंभ रंगात आलेला असताना धरणी हादरते आणि लाला केदारनाथांचे कुटुंब पांगते. तिथे भूकंप म्हणजे नियतीचा फटका. माणसे विखुरली की त्याचे काम संपते आणि उरलेला चित्रपट त्यांच्या पुनर्भेटीचा असतो. घर का पडले, असा प्रश्न त्या कथेला पडत नाही.

भूकंप हाच संपूर्ण विषय झाला तो हॉलिवूडच्या ‘अर्थक्वेक’मध्ये. 9 फेब्रुवारी 1971 च्या पहाटे लॉस एंजलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात भूकंप झाला, रुग्णालये कोसळली, एक धरण फुटता फुटता राहिले. युनिव्हर्सल स्टुडिओने त्या ताज्या भीतीवर सुमारे 70 लाख डॉलर लावले. मार्क रॉबसन दिग्दर्शक होते, चार्ल्टन हेस्टन नायक. पटकथेचा पहिला खर्डा ‘गॉडफादर’कार मारिओ पुझो यांचा.

या चित्रपटाची घडण तपशिलाने पाहण्याजोगी आहे, कारण संगणक येण्यापूर्वीची जवळजवळ सगळी तंत्रे त्यात एकत्र आली. अख्खा सेट हलवणे महाग आणि धोक्याचे, म्हणून कॅमेरा हलवण्यासाठी खास बैठक तयार केली गेली; तिच्यामुळे स्थिर रस्ताही लाटेसारखा डुलताना दिसे. फुटणारे धरण ही छोटी प्रतिकृती होती. उद्ध्वस्त शहराची दूरदृश्ये अल्बर्ट व्हिटलॉक यांनी काचेवर रंगवली आणि ती खऱ्या चित्रणाशी इतक्या सफाईने जोडली, की कुठे कॅमेरा संपतो आणि कुठे कुंचला सुरू होतो ते कळू नये. दृश्य करामतींसाठी त्यांना, ग्लेन रॉबिन्सन आणि फ्रँक ब्रेंडल यांना खास ऑस्कर मिळाले. ध्वनीचे ऑस्करही याच चित्रपटाला गेले.

ध्वनीचा मान तर पूर्ण हक्काचा होता. ‘सेन्सराउंड’ या यंत्रणेत चित्रगृहात प्रचंड ध्वनिक्षेपक बसवत आणि त्यांतून अतिशय खालच्या पट्टीची घरघर सोडत. तिचा काही भाग कानाला ऐकूच येत नसे. तो छातीला आणि खुर्चीला जाणवे. नोव्हेंबर 1974 मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. लॉस एंजलिसच्या ग्रॉमन्स चायनीज चित्रगृहात या कंपनांनी छताचा गिलावा सुटू लागला, म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली. नाटक खरे वाटावे म्हणून केलेली सोय खऱ्या इमारतीला भोवली.

पुढे संगणकाने हे काम हाती घेतले. 13 नोव्हेंबर 2009 या एकाच दिवशी रोलँड एमरिक यांचा ‘2012’ आणि 26 जुलै 2005 च्या मुंबईतील महापुरावरचा कुणाल देशमुख यांचा ‘तुम मिले’ असे दोन आपत्तिपट झळकले. पहिल्यात साऱ्या पृथ्वीचा विध्वंस होता, दुसऱ्यात एका शहराचा एक दिवस.

चित्रपटांतला भूकंप मात्र लातूर-नांदेडकडच्या माणसाला ओळखीचा वाटत नाही. पडद्यावर जमीन दुभंगते, गगनचुंबी इमारती मोडतात, हादरे काही मिनिटे चालतात आणि सारे उजेडात दिसते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा अंधार होता. आदल्या दिवशी गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. जोराचे हादरे मिनिटभरही टिकले नाहीत. तीव्रता 6.2 च्या आसपास होती, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. तरीही किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी अशी गावे भुईसपाट झाली आणि मृतांचा आकडा 8 ते 10 हजारांच्या घरात गेला.

याचे उत्तर भिंतीत होते. इथली घरे काळ्या दगडाची, मातीत बांधलेली, दोन-तीन फूट जाडीची. बाहेरून आणि आतून दगडांचे दोन थर आणि मधे खडी-मातीची भर; दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. उन्हाळ्यात ते घर गार ठेवी, पण गळती थांबवण्यासाठी दर काही वर्षांनी नवा थर चढे आणि वजन वाढत जाई. हादऱ्याने भिंतीचे दोन्ही पदर सुटले आणि ते ओझे झोपलेल्यांवर आले. जिथे लाकडी खांबांचा सांगाडा मजबूत होता, तिथे भिंती ढासळूनही माळवद खांबांवर तरून राहिल्याची उदाहरणे होती.

चित्रपटात अशी भिंत दाखवता येत नाही. तिच्यात भव्यता नाही आणि तिचा दोष भूकंपाच्या कितीतरी वर्षे आधी, गवंड्याच्या हाताखाली घडलेला असतो. आपत्तिपटाची मोठी उणीव हीच: तो संकट जमिनीतून आलेले दाखवतो, घरातून आलेले दाखवत नाही.

1992 च्या हिवाळ्यापूर्वी किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते. मात्र तेव्हाच्या भूकंपप्रवणता नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित, पहिल्या क्षेत्रात होता. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि 2002 च्या सुधारित नकाशात किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात आला. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोली जिल्ह्यात झालेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. जुन्या दगड-मातीच्या घरांत आजही राहणाऱ्यांनी माळवदावर नवा थर टाकण्याआधी जुनी माती उतरवून घ्यावी आणि भिंतीचे दोन्ही पदर जाणत्या अभियंत्याकडून आरपार बांधून घ्यावेत.