एका कानाचा बहिरेपणा : दुर्लक्ष नको

एकाच कानाने हळूहळू कमी ऐकू येणे, त्यात सतत गुणगुण होणे व चालताना तोल जाणे, ही लक्षणे केवळ वार्धक्याची समजू नयेत. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मज्जातंतूच्या आवरणावरील गाठही त्यास कारणीभूत असू शकते. ही गाठ कर्करोगाची नसते. बहुधा वर्षाला १-२ मिलिमीटरच वाढते. मात्र मोठी झाल्यास मेंदूवर दाब पडून जीवितास धोका संभवतो.

श्रवणचाचणी व एमआरआय तपासणीने निदान होते. लहान गाठीवर नुसते लक्ष ठेवता येते किंवा किरणोपचार करता येतात. मोठी गाठ सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करून काढतात. चेहऱ्याचा मज्जातंतू शेजारूनच जातो. गाठ जितकी लहान, तितका तो वाचण्याचा संभव अधिक. म्हणून कानात तेल घालीत न बसता तज्ज्ञांकडून वेळीच तपासणी करून घ्यावी.