नाव एकच 'नर्सबाई', पण शिक्षण पार बदललंय

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात जा आणि विचारा, उपकेंद्रात कोण असतं? उत्तर येईल, "नर्सबाई." ती एएनएम आहे, जीएनएम आहे की बीएस्सी नर्सिंग, याच्याशी गावाला देणंघेणं नसतं. पण साठच्या दशकातली नर्सबाई आणि आज कॉलेजातून बाहेर पडणारी तिच्या नातीच्या वयाची सिस्टर, या दोघी ज्या पद्धतीनं शिकल्या त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सुरुवात टंचाईपासून झाली. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा अख्ख्या देशात जेमतेम ७ हजार नर्स होत्या. पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभरात शिक्षणाचा दर्जा सारखा ठेवण्याचं काम या परिषदेकडे गेलं. बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, आणि राज्याच्या वेगवेगळ्या भागांतले नर्सेसचे जुने कायदे एकत्र करणारा महाराष्ट्राचा कायदा आला १९६६ मध्ये.

गावोगावी पाठवायला माणसं हवी होती, तीही लवकर. म्हणून पन्नासच्या दशकात एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या मुलीला त्यात प्रवेश मिळायचा. मुख्य काम बाळंतपणाचं.

त्या पिढीचा खरा वर्ग म्हणजे वॉर्ड. शिकणाऱ्या मुली होस्टेलवर राहायच्या, मेट्रनच्या धाकात. काचेच्या सिरिंज आणि सुया उकळायच्या, त्याच परत वापरायच्या. रबरी हातमोजे धुवून, वाळवून, पावडर लावून ठेवायचे. भोक पडलं तर ठिगळ. कापसाचे बोळे, गॉजच्या घड्या हातानं करून निर्जंतुकीकरणाच्या ड्रममध्ये भरायच्या. यातलं बरंचसं काम हॉस्पिटलला माणूसबळ कमी म्हणून करून घेतलं जायचं, त्यामुळे याला शिक्षण म्हणायचं की स्वस्तातली पाळी, हा प्रश्न तेव्हाही रास्तच होता. पण एक मात्र व्हायचं. बाहेर पडेपर्यंत मुलीनं इतके पेशंट हाताळलेले असायचे की हात आपोआप चालायचा.

मग आलं १९७७. कर्तारसिंग समितीच्या शिफारशींनंतर एएनएमची 'बहुउद्देशीय' सेविका झाली. बाळंतपणाच्या जोडीला लसीकरण, कुटुंब नियोजन, मलेरिया, रजिस्टरं असं सगळं तिच्याकडे आलं. आणि कोर्स? तो दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला! काम वाढवायचं आणि शिकवायचा वेळ कमी करायचा, हे गणित कसं बसवलं ते बसवणाऱ्यांनाच ठाऊक. याचा फटका बसला तो नेमका प्रसूतीच्या शिक्षणाला.

२००५ मध्ये चाक थोडं उलटं फिरलं. बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला किंवा झटके आले तर ठरावीक औषधं द्यायची परवानगी केंद्र सरकारनं एएनएमला दिली आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण सुरू केलं. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातल्या एखाद्या टोकाच्या गावात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. गाडी येईपर्यंतची वेळ निभावून न्यायला नर्सबाईच्या हातात काहीतरी आलं.

आताची नात. एएनएम पुन्हा दोन वर्षांची झाली आहे, पण प्रवेशाला बारावी लागते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे, त्यासाठी बारावी सायन्स आणि सीईटी. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमात सेमिस्टर आणि क्रेडिट आले. सलाईनची शीर शोधणं, बाळाला श्वास देणं, प्रसूती करणं हे आधी स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर आणि मग माणसावर. ही सुधारणाच आहे. आजीच्या काळी पहिली सुई थेट पेशंटच्या दंडात जायची.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली भाषेची. एएनएमची पिढी मराठीत शिकली, बीएस्सीची पुस्तकं इंग्रजीत. मेहकर-लोणारकडच्या मराठी शाळेतून आलेल्या हुशार मुलीचं पहिलं वर्ष शरीरशास्त्रापेक्षा इंग्रजीशी झुंजण्यातच जातं.

दुसरी अडचण हाताच्या सरावाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं २००५-०६ मधल्या सुमारे ६५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये जवळपास ९५ टक्क्यांवर गेली. बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण अवघड केस मोठ्या दवाखान्यात जाते, सोपीही बहुतेक वेळा तिकडेच जाते. उपकेंद्रातल्या सिस्टरच्या वाट्याला मोजकी बाळंतपणं येतात. शिकणाऱ्यांचंही तसंच आहे. स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसलेल्या संस्थांच्या मुली सरकारी रुग्णालयात सरावाला येतात आणि एका खाटेभोवती घोळका होतो.

त्यात २०२४ मध्ये बुलढाण्याचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांनाही पुढे प्रसूती विभागातच शिकायचंय. म्हणजे पेशंट तेवढेच, शिकणारे जास्त.

म्हणून यंदा कुणी नर्सिंगला प्रवेश घेणार असेल, तर फी आणि होस्टेलच्या आधी एक चौकशी करावी. साधारण तीन खाटांमागे एक विद्यार्थी असं प्रमाण धरलं जातं. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, त्यात खाटा किती, त्यांतल्या भरलेल्या किती आणि महिन्याला बाळंतपणं किती होतात, हे तिथं जाऊन, वॉर्डात फिरून बघावं. माहितीपत्रकात खाटा नेहमी पुरेशाच असतात.