नर्सिंगसाठी कर्ज घेण्याआधी हे पाहा

नर्सिंगचा एएनएम अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएम तीन, बी.एस्सी. नर्सिंग चार. तिन्ही पूर्णवेळ. वर्गासोबत वॉर्डातल्या पाळ्याही असतात, त्यामुळे महाड एमआयडीसीत नोकरी करत शिकणे जवळपास अशक्य. पोलादपूरच्या खेड्यांतून येणाऱ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च वेगळाच.

कमावत शिकायचे तर टप्प्याने: जीएनएम, परिचारिका म्हणून नोंदणी, नोकरी, दोन वर्षांच्या अनुभवानंतर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा किमान तीन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. नोकरी सुटत नाही, फी पगारातून भरता येते. हाच मार्ग आम्हाला सर्वांत भरवशाचा वाटतो.

थेट पदवीला केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा; उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा.